सीमारेषेवरची साखर आणि हृदय : अर्धशतकाचा मागोवा

रक्तातली साखर वाढलेली, पण मधुमेह ठरावा इतकी नाही, या स्थितीला मधुमेहपूर्व अवस्था म्हणतात. दर १०० मिलिलीटरमागे उपाशीपोटी १०० ते १२५ मिलिग्रॅम, ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी १४० ते १९९ किंवा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी चाचणी) ५.७ ते ६.४ टक्के, हे तिचे आज रूढ असलेले निकष. जागतिक आरोग्य संघटना मात्र उपाशीपोटीच्या साखरेसाठी ११०चाच आकडा धरते. या टप्प्यावर अनेकांचा रक्तदाबही चढलेला असतो. या दोहोंचा हृदयाशी असलेला संबंध उलगडायला जवळपास पन्नास वर्षे लागली.

सुरुवात लंडनमध्ये झाली. १९६७पासून तिथल्या १८ हजारांवर पुरुष सरकारी नोकरांची तपासणी झाली. रात्रभर उपाशी राहिलेल्या नोकराला ५० ग्रॅम ग्लुकोज प्यायला द्यायचे आणि दोन तासांनी साखर मोजायची, अशी रीत होती. साडेसात वर्षांनंतरचा हिशेब १९८०मध्ये प्रसिद्ध झाला. मधुमेह नसूनही ज्यांची साखर सर्वांत वरच्या गटात होती, त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू सुमारे दुप्पट आढळले. त्याच सुमारास, १९७९-८०मध्ये, अमेरिकेतील तज्ज्ञगट आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी या मधल्या अवस्थेला स्वतंत्र वर्ग म्हणून मान्यता दिली.

कारणांचा धागा १९८८मध्ये जुळला. संशोधक जेराल्ड रीव्हन यांनी वाढती साखर, उच्च रक्तदाब, रक्तातली वाढलेली ट्रायग्लिसराइड चरबी आणि कमी एचडीएल (चांगले कोलेस्टेरॉल) ही एकाच मुळाची लक्षणे असल्याचे मांडले. ते मूळ म्हणजे पेशींनी इन्सुलिनला दाद न देणे. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडते. या जादा इन्सुलिनमुळे मूत्रपिंडे मीठ धरून ठेवतात आणि अनुकंपी (सिम्पथेटिक) मज्जासंस्था चेतवली जाते. रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर त्यांना सैल ठेवणारे नायट्रिक ऑक्साइड पुरेसे तयार करत नाही. परिणामी रक्तदाब चढतो. १९९०मध्ये संशोधक स्टीव्हन हाफनर यांनी दाखवून दिले की पुढे मधुमेह होणाऱ्यांचा रक्तदाब आणि चरबीचे प्रमाण निदानाच्या आधीच बिघडलेले असते. म्हणजे हृदयाची झीज मधुमेहाची वाट पाहत थांबत नाही.

पुढचा प्रश्न उपायांचा होता. चीनमधील दाचिंग या तेलनगरीत १९८६मध्ये मधुमेहपूर्व अवस्थेतील ५७७ जणांवर सहा वर्षांचा प्रयोग सुरू झाला. व्यायामाचा हिशेब सोपा ठेवला होता : अर्धा तास सावकाश चालणे किंवा घरकाम, वीस मिनिटे भरभर चालणे, दहा मिनिटे जिने चढणे किंवा पाच मिनिटे दोरीवरच्या उड्या म्हणजे एक मात्रा. रोज किमान एक मात्रा वाढवायची. तीस वर्षांनी पाहता, आहार-व्यायामाच्या गटांत मधुमेह सुमारे चार वर्षे लांबला होता आणि हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार २६ टक्क्यांनी कमी होते. अमेरिकेतील ३,२३४ जणांच्या प्रयोगात (२००२) जीवनशैली बदलून मधुमेह ५८ टक्क्यांनी आणि मेटफॉर्मिन या मधुमेहावरील औषधाने ३१ टक्क्यांनी घटला. परंतु सुमारे २१ वर्षांच्या पाठपुराव्यात दोन्ही गटांत हृदयविकार कमी झाल्याचे दिसले नाही. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाला (२००६) जीवनशैली बदलून मधुमेहात २८.५ टक्के घट मिळाली.

निव्वळ औषधांनी हृदय वाचवण्याचे प्रयत्न फारसे फळले नाहीत. २००३मध्ये अकार्बोज या साखर आटोक्यात ठेवणाऱ्या औषधाने आशा दाखवली होती. हृदयविकार असलेल्या साडेसहा हजार चिनी रुग्णांवरच्या २०१७च्या चाचणीत ती टिकली नाही. २०१०च्या ‘नॅव्हिगेटर’ चाचणीत वल्सार्टान या रक्तदाबाच्या गोळीने मधुमेह १४ टक्क्यांनी घटवला, पण हृदयविकाराचे प्रमाण जैसे थे राहिले.

रक्तदाबाच्या बाबतीत मात्र कौल स्पष्ट मिळाला. २०१५च्या ‘स्प्रिंट’ चाचणीत मधुमेह नसलेल्या, पण हृदयविकाराचा धोका जास्त असलेल्या ९,३६१ जणांचा समावेश होता. वरचा रक्तदाब १४०ऐवजी १२०च्या खाली आणण्याचे लक्ष्य ठेवलेल्या गटात हृदय व रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटना २५ टक्क्यांनी घटल्या. मधुमेहपूर्व अवस्थेतील सहभागींनाही तसाच लाभ झाल्याचे पुढील विश्लेषणात दिसले. अर्थात हे रक्तदाब पाच मिनिटे शांत बसवून, स्वयंचलित यंत्राने तीनदा मोजून सरासरीने काढलेले होते. घाईत घेतलेला आकडा त्याहून चढा येतो. शिवाय १२०चे लक्ष्य ठेवलेल्या गटात रक्तदाब फार उतरणे, भोवळ आणि मूत्रपिंडावर ताण हे त्रासही जास्त झाले.

भारतीयांसाठी या इतिहासाला वेगळी किनार आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवले की भारतीय शरीर दिसायला सडपातळ असूनही त्यात चरबी जास्त असू शकते. त्यामुळे वजनकाट्यावर विसंबून धोका हेरता येत नाही. कमरेचा घेरही मोजावा लागतो. आयसीएमआर-इंडिॲब या देशव्यापी पाहणीच्या २०२३च्या अहवालानुसार देशात १३.६ कोटी लोक मधुमेहपूर्व अवस्थेत, तर ३१.५ कोटी उच्च रक्तदाबाचे असल्याचा अंदाज आहे. म्हणूनच आज या टप्प्यावर साखरेच्या जोडीने रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासणे, मीठ व वजन कमी करणे, रोज चालणे, तंबाखू सोडणे आणि गरजेप्रमाणे रक्तदाबाची गोळी नियमित घेणे यांवर उपचारांचा भर असतो.