हिवाळी रोडबाइकचे मडगार्ड : समज आणि वस्तुस्थिती

ब्रिटनमध्ये ऑक्टोबर उजाडला की अनेक सायकलस्वार आपली हलकी, महागडी रोडबाइक घरात ठेवतात आणि हिवाळ्यापुरती दुसरी, दणकट सायकल बाहेर काढतात. तिला ते ‘विंटर बाइक’ म्हणतात. या सायकलला पूर्ण लांबीचे मडगार्ड लावावेत की नाही, यावर मात्र दर वर्षी वाद होतो आणि नकारामागची बरीचशी कारणे ऐकीव असतात.

सगळ्यात घट्ट रुजलेला समज म्हणजे मडगार्ड फक्त कपड्यांसाठी असतात. पाठीवरचा चिखलाचा पट्टा डोळ्यांना दिसतो, म्हणून तोच लक्षात राहतो. खरे नुकसान पुढचे चाक करते. त्याने उडवलेले पाणी पायांवर, चेनवर आणि बॉटम ब्रॅकेटवर सतत आदळत राहते. तेही साधे पाणी नसते. रस्ता गोठण्याची शक्यता दिसली की तिथे खनिज मीठ पसरतात. चेशरमधल्या विन्सफर्डच्या खाणीतून ते मोठ्या प्रमाणावर निघते. हे खारे पाणी बेअरिंगमध्ये शिरते, चेन गंजवते, बोल्ट जाम करते. आपल्याकडच्या पावसाळ्यात मीठ नसते, पण बारीक रेती चेन आणि रिम झिजवायचे काम करतेच. म्हणून पुढचा मडगार्ड खाली, जमिनीजवळ पोचायला हवा आणि त्याच्या टोकाला रबरी फ्लॅप हवा. तीन-चार अंश तापमानात बूट भिजले की राइडचा आनंद संपतो. माझ्या मते पैसे आणि मेहनत दोन्ही आधी इथे घालावीत.

‘पाऊस नाही, मग मडगार्ड कशाला?’ असेही विचारले जाते. पाणी आभाळातून नव्हे, रस्त्यावरून उडते. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात सूर्य खालूनच सरकतो आणि पाऊस थांबल्यावरही झाडांच्या सावलीतले रस्ते लवकर सुकत नाहीत.

रोडबाइकला मडगार्ड बसतच नाहीत, हे अर्धसत्य आहे. आधी दोन गोष्टी पाहा : फ्रेम आणि फोर्कला चाकाच्या आसाजवळ बोल्टसाठी छिद्रे आहेत का, आणि टायरच्या वर जागा किती आहे. रिम ब्रेकच्या शर्यतीच्या सायकलींवर साधारण ३९ ते ४९ मिमी पोच (बोल्टपासून ब्रेकपॅडपर्यंतचे अंतर) असलेले ब्रेक असतात. त्यांखाली टायर आणि मडगार्ड दोन्हींना जागा सहसा पुरत नाही. ४७ ते ५७ मिमी पोचीच्या ब्रेकखाली जागा आरामात मिळते. मडगार्ड टायरपेक्षा किमान सात-आठ मिमी रुंद घ्या. छिद्रे नसतील तर धातूच्या फोर्कला पी-क्लिप लावता येते. कार्बनच्या फोर्कला मात्र निर्मात्याची परवानगी असल्याशिवाय ती आवळू नका. अशा सायकलींसाठी एसकेएस रेसब्लेडसारखे, रबरी पट्ट्यांनी बांधायचे मडगार्ड मिळतात.

खडखडाटाचा दोष मडगार्डच्या माथी मारला जातो, पण तो बहुधा बसवणीचा असतो. सगळे बोल्ट आधी सैल लावा, चाक फिरवून टायर आणि मडगार्ड यांमधले अंतर सगळीकडे सारखे करा, मगच एकेक आवळा. मडगार्डला आधार देणारी सळई ओढून-ताणून छिद्राशी आणली तर मडगार्ड कायम ताणात राहतो आणि तोच वाजतो, पुढे तडकतोही. सळई बेताने वाकवा किंवा मध्ये स्पेसर घाला. डिस्क ब्रेकच्या कॅलिपरला वळसा घालतानाही हाच उपाय. नायलॉनचे कडे असलेले नट वापरले तर ते सहसा सैल होत नाहीत.

एक भीती मात्र खरी आहे. काटकी पुढच्या मडगार्डमध्ये अडकली तर सळई दुमडून चाक जाम होऊ शकते. त्यासाठीच चांगल्या संचात पुढच्या सळयांना दाब येताच सुटणाऱ्या क्लिपा असतात. त्या वगळू नका. पुढच्या मडगार्डला वळणावर बूट लागतो का, हेही सायकल उभी करून तपासा.

वजन वाढते, साधारण अर्धा किलो. हिवाळ्यातल्या सरावात त्याने काही बिघडत नाही.

मागच्या फ्लॅपचा उपयोग तुम्हाला नाही, तुमच्या मागे चालवणाऱ्याला आहे. तो नसेल तर खारे पाणी त्याच्या तोंडावर उडते, म्हणूनच कित्येक क्लबांत हिवाळी राइडला मडगार्ड सक्तीचे असतात. गटाने निघणार असाल तर मागचा फ्लॅप लांब ठेवा आणि पहिल्या ओल्या राइडनंतर सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळा.