एक्सएमएलमधला मजकूर वेचताना

एक्सएमएल फाइलीत मजकूर टॅगच्या जोडीत बसवलेला असतो. 1998 साली डब्ल्यूथ्रीसी या वेब-मानके ठरवणाऱ्या संस्थेने ही पद्धत प्रमाण ठरवली. टॅगची नावे देवनागरीतही चालतात: <गाव>वाई</गाव>. यातून ‘वाई’ काढणे सोपे. पायथन भाषेच्या एलिमेंटट्री या लायब्ररीत त्या घटकाचा, म्हणजे टॅगच्या जोडीचा, ‘टेक्स्ट’ मागितला की झाले.

गोची होते ती मजकुरातच दुसरा टॅग आला की. <ओळ>आज <ठळक>मुसळधार</ठळक> पाऊस पडला</ओळ> यात ‘ओळ’चा टेक्स्ट मागितला तर हाती फक्त ‘आज’ येते. ‘मुसळधार’ हा ‘ठळक’चा टेक्स्ट. ‘पाऊस पडला’ हे शब्द ‘ठळक’च्या बाहेर असूनही त्याच्याच ‘टेल’मध्ये, म्हणजे शेपटीत, ठेवलेले असतात. नवख्याला हे विचित्र वाटते, आणि ते आहेही. अख्खी ओळ हवी असेल तर ‘इटरटेक्स्ट’ सगळे तुकडे क्रमाने देते. ते जोडून घ्यायचे. जावास्क्रिप्टमध्ये हेच काम ‘टेक्स्टकंटेंट’ एका फटक्यात करते.

फाइल नीट दिसावी म्हणून सोडलेल्या मोकळ्या जागा आणि नव्या ओळीही मजकुरातच धरल्या जातात. त्या ‘स्ट्रिप’ने छाटाव्या लागतात. रिकाम्या घटकाचा टेक्स्ट मात्र ‘नन’, म्हणजे काहीच नाही, असा येतो. त्यावर थेट ‘स्ट्रिप’ चालवले की प्रोग्राम तिथेच बंद पडतो.