बाई, मराठी नाव अवैध असते का?

नववीच्या वर्गाला संगणकाच्या तासाला मी ई-मेल शिकवत होते. एका आंतरशालेय स्पर्धेचा ऑनलाइन फॉर्म भरायचा होता. फॉर्म मराठीत होता, म्हणून मी मुद्दाम माझा देवनागरी अक्षरांतला ई-मेल पत्ता टाकला. हा पत्ता मी हौसेने घेतला होता आणि त्यावर पत्रे येतात-जातातही. बटण दाबले आणि पडद्यावर लाल अक्षरे आली : कृपया वैध ई-मेल पत्ता लिहा. मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "बाई, मराठी नाव अवैध असते का?"

वर्ग हसला, मीही हसले. शेवटी इंग्रजी अक्षरांतला पत्ता टाकून फॉर्म भरला. पण तो प्रश्न माझ्याबरोबर घरी आला. इंटरनेटवर कोणते नाव चालेल आणि कोणते नाही, हे ठरवते कोण? सरकार? कंपन्या? आणि रोज इंटरनेट वापरणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्यांना तिथे कुणी विचारते का?

पत्ता आणि खूण

आमच्या सदाशिव पेठेत केवळ घर क्रमांकावरून घर सापडल्याचे मी कधी ऐकलेले नाही. पेरूगेटच्या अलीकडे, चिमण्या गणपतीच्या मागे, अशी खूण सांगितली की माणूस बरोबर दारात येतो. इंटरनेटचेही तसेच आहे. प्रत्येक संगणकाचा खरा पत्ता म्हणजे आकड्यांची माळ, आणि ती कुणाच्या लक्षात राहणार? म्हणून त्या आकड्यांना नाव दिलेले असते. संकेतस्थळाचे नाव म्हणजे अशी खूणच. कोणत्या नावामागे कोणता आकडा, याची जगभराची एकच मूळ वही असते. ती दोन झाल्या तर एकाच नावाने दोन दारे उघडतील आणि सगळा गोंधळ होईल.

ही वही सांभाळण्याचे काम 1998 मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात स्थापन झालेली 'आयकॅन' ही ना-नफा संस्था करते. सुरुवातीला तिच्यावर अमेरिकी सरकारची देखरेख होती. ऑक्टोबर 2016 मध्ये तो करार संपला. आता तिथे कंपन्या, तंत्रज्ञ, सरकारे आणि सामान्य वापरकर्ते यांनी एकत्र बसून निर्णय घ्यायचे, अशी व्यवस्था आहे.

शेजारचे दोन बाक

या व्यवस्थेत आपल्या कामाचे दोन बाक आहेत. एक सरकारांचा. त्याचे नाव शासकीय सल्लागार समिती. भारतासह दीडशेहून अधिक देशांचे प्रतिनिधी तिथे बसतात. दुसरा बाक वापरकर्त्यांचा. त्या समितीत पंधरा माणसे असतात. जगाचे पाच विभाग करून प्रत्येक विभागातून दोन आणि नेमणूक समितीने निवडलेले पाच. आपण आशिया-पॅसिफिक विभागात येतो.

वापरकर्त्यांचा बाक सहज मिळालेला नाही. 2000 साली आयकॅनने एक धाडस केले होते. जगभरच्या इंटरनेट वापरणाऱ्यांनी ऑनलाइन मतदान करून पाच संचालक थेट निवडले. पुढे ही पद्धत मोडीत काढली गेली आणि 2002 च्या फेररचनेत मताऐवजी सल्ल्याचा अधिकार हाती आला. नंतर प्रयत्न करकरून, 2010 मध्ये, संचालक मंडळावर एक मतदार सदस्य निवडण्याचा हक्क या बाकाला परत मिळाला.

गंमत अशी की, दोन्ही बाकांपाशी एकमेकांकडे नसलेले काहीतरी आहे. सरकारांच्या प्रतिनिधीला संचालक मंडळात मत नाही, पण त्यांनी एकमताने दिलेला सल्ला फेटाळायचा असेल तर संचालकांपैकी साठ टक्के मते लागतात. वापरकर्त्यांच्या सल्ल्याला असे कवच नाही, पण त्यांचा एक माणूस आत मत देतो. म्हणजे एकाकडे वजन आहे, दुसऱ्याकडे मत. दोघांनी हातात हात घेतला तरच सामान्य माणसाचे म्हणणे शेवटपर्यंत पोचते.

दर्या आणि दऱ्या

हे सगळे आपल्यापासून फार दूरचे वाटते ना? मलाही वाटले होते. पण या कथेचा एक धागा आपल्या पुण्यातच आहे.

1988 मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संस्था सुरू झाली. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे मोठे काम तिच्या 'जिस्ट' विभागाने केले. इंटरनेटच्या वहीत इंग्रजीखेरीज इतर लिप्यांतली देशांची नावे प्रथम मे 2010 मध्ये आली, आणि त्यात पुढे होती ती अरबी लिपी : इजिप्त, सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिराती. आपल्याकडे 27 ऑगस्ट 2014 रोजी देवनागरीतले 'डॉट भारत' सुरू झाले. मराठी, हिंदी, कोकणी, नेपाळी, मैथिली, बोडो, डोगरी आणि सिंधी अशा आठ भाषांसाठी ते एकच होते. पुढे उर्दू लिपीतलेही आले.

पण लिपी आणायची म्हणजे नेमकी कोणती अक्षरे आणायची? इथे मराठीच्या शिक्षकाला हसू आणि घाम दोन्ही फुटावे अशी अडचण होती. 'दर्या' म्हणजे समुद्र. आपल्या घरात उर्दूतूनही तो शब्द येतो. 'दऱ्या' म्हणजे सह्याद्रीतल्या दऱ्या. दोन शब्दांत फरक फक्त त्या अर्ध्या र चा. कऱ्हाड, वऱ्हाड, गुऱ्हाळ, अगदी 'मोमिनपुऱ्यात' हा शब्दसुद्धा त्या अर्ध्या र वाचून लिहिता येत नाही. हिंदीत हा र नाही. म्हणजे नियम करताना खोलीत मराठी जाणणारा कुणी नसता, तर तो राहून गेला असता आणि कुणाच्या लक्षातही आले नसते.

शिवाय संगणकावर हा र दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात न दिसणारे एक जोडचिन्ह वापरावे लागते. वहीत अदृश्य चिन्हांना मनाई आहे, कारण दिसायला सारखी पण आतून वेगळी अशी दोन नावे झाली तर फसवणाऱ्याचे फावते. म्हणून दुसरा, चिन्हाविना लिहिण्याचा प्रकार नियमात यायलाच हवा होता. देवनागरीसह नऊ भारतीय लिप्यांचे नियम लिहिण्यासाठी जे तज्ज्ञ मंडळ बसले, त्याच्या सहअध्यक्षांपैकी एक अजय डाटा होते आणि पुण्याच्या सी-डॅकचे भाषातज्ज्ञ त्यात होते. महापालिका विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवते, तसा हा मसुदाही सर्वांसाठी खुला ठेवला होता. एप्रिल 2019 च्या अंतिम देवनागरी प्रस्तावात ऱ्य आणि ऱ्ह यांना जागा मिळाली.

उर्दूचीही अशीच कथा आहे. अरबी कीबोर्डवरचा काफ आणि उर्दू कीबोर्डवरचा काफ शब्दात बसले की सारखेच दिसतात, पण संगणकाला ती दोन वेगळी अक्षरे. एकाच्या नावाने दुसऱ्याने दुकान थाटू नये, म्हणून अनेक देशांतल्या जाणकारांनी मिळून अशा जोड्या नोंदवल्या. त्यांचा प्रस्ताव 2015 मध्ये पूर्ण झाला.

एका नावाचा वाद

अक्षरांनंतर शब्दांकडे येऊ. 2012 मध्ये आयकॅनने नावांच्या नव्या शेवटांसाठी अर्ज मागवले, तेव्हा तुर्कस्तानातल्या एका कंपनीने 'डॉट इस्लाम' आणि 'डॉट हलाल' मागितले. संयुक्त अरब अमिरातीने हरकत घेतली. एप्रिल 2013 मध्ये सरकारांच्या समितीतील काही सदस्यांनी सांगितले की, या अर्जांना मुस्लिम समाजाचा सहभाग आणि पाठिंबा नाही. त्याच वर्षी 57 देशांच्या इस्लामी सहकार्य संघटनेनेही विरोध कळवला. अर्ज टांगून राहिले. 2017 मध्ये स्वतंत्र पंचांनी आयकॅनला सुनावले की, असे अनिश्चित काळ लटकवणे बरोबर नाही. अखेर ऑक्टोबर 2018 मध्ये संचालक मंडळाने दोन्ही अर्ज पुढे न नेण्याचा निर्णय दिला.

कोण बरोबर होते, हा वाद मी इथे करत नाही. मला वेगळाच प्रश्न पडतो. कंपनी म्हणत होती, आम्ही मुसलमानांसाठी हे करतो. सरकारे म्हणत होती, समाजाचा पाठिंबा नाही. पण मोमिनपुऱ्यातल्या मटण दुकानदाराला किंवा पाकिटावरचा शिक्का पाहून खरेदी करणाऱ्या कोंढव्यातल्या गृहिणीला कुणी विचारले? समाजाच्या नावाने बोलणारे पुष्कळ असतात, समाजाला विचारणारे थोडे. हीच उणीव भरून काढायला वापरकर्त्यांचा बाक आहे. पण तो भरायला माणसे आपल्यातूनच जायला हवीत.

प्रश्नपत्रिका समजली तर ना!

मग माणसे जात का नाहीत? याचे उत्तर या दोन बाकांनीच एकत्र दिले आहे. 2 नोव्हेंबर 2017 रोजी अबुधाबीच्या बैठकीत सरकारांच्या आणि वापरकर्त्यांच्या समित्यांनी एक संयुक्त निवेदन काढले. त्यांची मागणी साधी होती : कागदपत्रे सहज सापडतील अशी ठेवा, आणि प्रत्येक महत्त्वाच्या विषयाचा सोप्या भाषेतला सारांश द्या, म्हणजे तज्ज्ञ नसलेल्यालाही ठरवता येईल की हा विषय आपला आहे की नाही.

हे वाचून मला माझा वर्ग आठवला. हुशार मूल गप्प बसते ते बऱ्याचदा उत्तर येत नाही म्हणून नव्हे, प्रश्नच कळलेला नसतो म्हणून. लहान देशांचे अधिकारी आणि सामान्य वापरकर्ते यांची अडचण एकच होती, हे त्या दोघांनी ओळखले आणि एका कागदावर लिहिले. सहकार्य असेच सुरू होते.

सोप्या भाषेत विचारले तर लोक बोलतात, याचा पुरावा आपल्याच देशात आहे. 2015 मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, इंटरनेटच्या समान वापराबद्दल मते मागवली. मूळ कागद जाडजूड आणि किचकट होता. काही तरुणांनी तो सोपा करून सांगितला, आणि दहा लाखांहून अधिक ई-मेल गेले. फेब्रुवारी 2016 मध्ये ट्रायने नियम केला : काही संकेतस्थळे स्वस्त आणि बाकीची महाग, असे दर कंपन्यांना लावता येणार नाहीत. तुमच्या मोबाइलवर आज सगळी संकेतस्थळे एकाच दराने उघडतात, त्यामागे ती पत्रेही आहेत.

आपल्या घरातून

आपण काय करू शकतो? एक, नाव वाचायला शिकू आणि मुलांना शिकवू. शिष्यवृत्तीच्या किंवा हजच्या नावाने दुवा आला तर दाबण्याआधी संपूर्ण नाव अक्षर-अक्षर वाचायचे. दोन, फॉर्मने मराठी किंवा उर्दू पत्ता नाकारला तर गप्प बसू नये, त्या संस्थेला कळवावे. तंत्र तयार आहे, पण फॉर्म लिहिणाऱ्याने त्याची दखल घेतलेली नसते. तीन, महाविद्यालयात जाणाऱ्या मुला-मुलींना या बैठकांची ओळख करून द्यावी. बैठकांना नोंदणी शुल्क नसते आणि घरबसल्या ऑनलाइनही हजर राहता येते. 2016 मध्ये तर अशी एक बैठक आपल्या शेजारी हैदराबादलाच झाली होती.

आमच्या नववीच्या मुलांनी त्या स्पर्धेच्या आयोजकांना मराठीत पत्र लिहिले. अजून उत्तर आलेले नाही. दुसरे पत्र पाठवायचे ठरले आहे. खाली सह्या कोण करणार, यावरून मात्र वर्गात भांडण झाले, कारण सगळ्यांनाच करायची होती.