उंदराचे मूत्रतंत्र

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पुरामागून लेप्टोस्पायरोसिसची साथ आली व कित्येक माणसे दगावली. या रोगाचे जंतू उंदराच्या मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांत वास करतात; उंदीर मात्र धडधाकट दिसतो. मूत्रावाटे ते साचलेल्या पाण्यात मिसळतात आणि पायावरच्या जखमेतून मनुष्यदेहात शिरतात.

तेव्हा उंदराचे मूत्रतंत्र जाणून घेणे अगत्याचे ठरते. प्रयोगशाळेतील पांढऱ्या उंदराचे उजवे मूत्रपिंड डाव्याहून किंचित डोक्याच्या बाजूस असते. मनुष्यात ते यकृतामुळे डाव्याहून खाली असते. मनुष्याच्या मूत्रपिंडात अनेक शंकू असतात, उंदराच्या मूत्रपिंडात एकच. दोन्ही मूत्रवाहिन्या मूत्राशयास मिळतात. तेथून पुढे नरात मूत्र व रेत एकाच मार्गाने बाहेर पडतात. मादीत मूत्रद्वार व योनिद्वार निराळी असतात. पुरुषाची अष्ठीला ग्रंथी एकसंध असते, तर नर उंदरात तिचे खंड सुटे असतात. उतारवयात ही ग्रंथी वाढून पुष्कळ पुरुषांचे मूत्र अडते. अशा विकाराचा विचार करताना उंदरावरून काढलेला निष्कर्ष मनुष्यास जसाच्या तसा लावता येत नाही. साम्याइतकाच भेदही ध्यानी ठेवणे, हीच शास्त्राची रीत होय.