बदलले ते आयकॉन आणि खेळ

फ्रान्सच्या ग्रामीण भागात कायदा-सुव्यवस्था सांभाळते ती जाँदार्मरी, म्हणजे लष्करी शिस्तीचं पोलीस दल. गावोगाव ठाणी आणि ठाण्याठाण्यात संगणक. प्रत्येक संगणकामागे परवान्याचे पैसे मोजण्यापेक्षा ओपन सोर्स बरं, असं या दलाने ठरवलं. ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड सर्वांना खुला असतो आणि जे कितीही संगणकांवर टाकलं तरी दर संगणकामागे परवाना घ्यावा लागत नाही, असं सॉफ्टवेअर.

हुशारी दिसली ती क्रमात. २००५मध्ये विंडोजला हात न लावता त्यावर फक्त पत्रं आणि तक्ते करायचं ओपनऑफिस आणलं. पुढच्या वर्षी इंटरनेटसाठी फायरफॉक्स आणि मेलसाठी थंडरबर्ड. शिपायांचा हात बसल्यावर, २००८मध्ये, खालची विंडोज काढून उबुंटू, म्हणजे लिनक्स या ओपन सोर्स कार्यप्रणालीचा एक प्रकार, घालायला सुरुवात झाली. रोजची कामं ज्यात व्हायची ते प्रोग्रॅम तेच राहिले. फरक पडला तो आयकॉन आणि खेळांत, असं तिथल्या एका अधिकाऱ्याने सांगितलं. आणि खेळ ही काही दलाची निकड नव्हे, असंही! २००४पासून सुमारे ५ कोटी युरो वाचल्याचा हिशेब दलाने २००९मध्ये मांडला.

जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेची गोष्ट अधिक गाजली. २००३मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर सुट्टी अर्धवट टाकून महापौरांना भेटायला आले, तरी नगरसेवकांनी लिनक्सचाच कौल दिला. २०१३पर्यंत सुमारे १५ हजार संगणक बदलले. पालिकेच्या हिशेबाने १ कोटीहून जास्त युरो वाचले. तरीही २०१७मध्ये विंडोजकडे परतायचा ठराव झाला. त्यात राजकारण होतंच, पण कर्मचाऱ्यांच्या कुरबुरी आणि फक्त विंडोजवर चालणारे खात्यांचे खास प्रोग्रॅम ही दुखणीही खरी होती. खात्याखात्यातले पत्रांचे नमुने आणि मॅक्रो, म्हणजे ठरावीक कामं आपोआप करणाऱ्या छोट्या आज्ञावल्या, नव्याने बांधायला तर पालिकेला ‘वोलमक्स’ नावाचं स्वतंत्र सॉफ्टवेअर लिहावं लागलं. ही मेहनत परवान्याच्या बिलात कुठेच दिसत नाही.

मराठी कचेरीत असं दुखणं म्हणजे जुन्या फॉन्टमधल्या फाइली. श्रीलिपीत टाइप केलेलं पत्र तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडलं, की अक्षरांऐवजी अगम्य चिन्हं दिसतात. अशा फाइली आधी युनिकोड या सगळ्या संगणकांना कळणाऱ्या प्रमाण संकेतात आणाव्या लागतात आणि टायपिस्टला नवा कीबोर्ड सवयीचा व्हायला वेळ द्यावा लागतो. हिशेब टॅली या विंडोजसाठीच्या प्रोग्रॅममध्ये असतील, तर अकाउंटंटचा संगणक खुशाल विंडोजवर राहू द्यावा.