नातवाचं टोपडं आणि ऑयलरचं गणित

हिमाचलच्या सहलीतून आणलेल्या अस्सल लोकरीचं टोपडं एका वाचक आजींनी क्रोशावर विणलं. "दुकानात हाताला मऊ लागली होती," त्या लिहितात, "पण नातू 'टोचतंय' म्हणत दोन मिनिटांत टोपडं ओढून फेकतो. सून म्हणते ॲलर्जी असेल, मुलगा म्हणतो लाडावलाय." पत्राच्या शेवटी त्यांचं स्वतःचंही एक गाऱ्हाणं आहे. कोपऱ्यावरच्या दुकानातली स्वस्त लोकर त्यांना हातात घेववत नाही. टाका ओढला की करकर होते आणि अंगावर काटा येतो. "माझंच काही बिघडलंय का?"

काहीही बिघडलेलं नाही, आजी. घोटाळा 'लोकर' या शब्दाचा आहे. मेंढीच्या अंगावरून कातरलेली ती लोकर आणि कारखान्यात तयार झालेला ॲक्रिलिकचा गुंडा तोही आपल्याकडे लोकरच. स्पर्शाच्या बाबतीत मात्र मराठी भलतीच काटेकोर. टोचणं वेगळं, खुपणं वेगळं, करकरणं वेगळं. नातवासाठी एक शब्द आणि स्वतःसाठी दुसरा वापरून आजींनी माझं अर्धं काम केलंय.

आधी टोचण्याचं बघू. खराट्यातला एक लांब हीर घ्या आणि त्याचं टोक तळहातावर दाबा. हीर वाकतो, काही होत नाही. आता त्याचा बोटभर तुकडा मोडून तोच दाबा. हात झटकाल! हीर तोच, टोक तेच, तरी एक वाकला आणि दुसरा रुतला. वाढलेली दाढी टोचत नाही, पण दोन दिवसांचे खुंट टोचतात, त्यामागचं कारणही हेच.

उभी काडी किती भाराखाली वाकेल, याचं गणित गणितज्ञ लिओनार्ड ऑयलरने १७४४ साली मांडलं. काडीची लांबी दुप्पट केली तर ती वाकवायला चौथा हिस्सा जोर पुरतो. जाडी दुप्पट केली तर मात्र सोळापट जोर लागतो, कारण जाडीचा चौथा घात होतो. या चौथ्या घातावर माझा फार जीव आहे. २० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तंतू आणि ३० मायक्रॉनचा तंतू डोळ्यांना सारखेच दिसतील. आपला केसच सुमारे ७० मायक्रॉनचा असतो. पण लांबी सारखी असेल, तर ३०चा तंतू वाकण्याआधी २०च्या पाचपट भार त्वचेवर देतो. (ऑयलरचं १७५३ सालचं एक प्रसिद्ध चित्र आहे. त्यात डोक्याला रुमाल आणि अंगात रेशमी अंगरखा आहे. लोकर नाही! योगायोग असेल, पण मला तो आवडतो.)

लोकरीच्या धाग्यातून असंख्य तंतूंची टोकं बाहेर डोकावत असतात. ऑस्ट्रेलियात गार्न्सवर्दी आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली दाखवलं, की साधारण ७५ मिलिग्रॅम भार पेलेपर्यंत न वाकणारी टोकं त्वचेतल्या वेदना कळवणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतात. ७५ मिलिग्रॅम म्हणजे तांदळाचे तीन-चार दाणे! एकट्यादुकट्या टोकाने भागत नाही, थोड्या जागेत अशी बरीच टोकं लागतात. म्हणून लोकरीच्या व्यवहारात सरासरी जाडीइतकंच ३० मायक्रॉनच्या वरचे तंतू किती, यालाही महत्त्व असतं. ते पाच टक्क्यांच्या आत असले, तर बहुतेकांना कापड सुखाचं वाटतं. मेरिनो मेंढीची उंची लोकर २० मायक्रॉनच्या आतली. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर ३०च्या बरीच वर, शिवाय घोंगडीला चिंचोक्याची खळ. घोंगडी टोचते यात तिचा दोष नाही. ती पाऊस-थंडी अडवायला जन्मली, गाल कुरवाळायला नाही.

मग दुकानात ती लोकर मऊ कशी लागली? कारण आजींनी ती बोटांनी चाचपली. बोटांच्या आणि तळहाताच्या जाड, केसविरहित त्वचेला हे टोचणं जवळजवळ कळतच नाही. मान, कपाळ आणि मनगट ते कोपर या भागाची आतली बाजू यांना ते लगेच कळतं. लोकर निवडायला आपण नेमका त्या बाबतीतला सर्वांत बधिर अवयव वापरतो! त्यात घाम आला की त्वचेचा वरचा थर मऊ होतो आणि टोकं आणखी रुततात. मुंबईच्या हवेत ही भर फुकटची.

आता सूनबाईंचा संशय. गेल्या शंभर वर्षांतल्या अभ्यासांचा आढावा घेऊन त्वचारोगतज्ज्ञांनी २०१७ साली निष्कर्ष काढला, की लोकरीचा तंतू स्वतः त्वचेची ॲलर्जी घडवतो याला भक्कम पुरावा नाही. बहुतेक वेळा दोष जाड तंतूचा असतो. (चट्टे उठले, पुरळ आलं तर अर्थातच डॉक्टरांना दाखवा.) 'ॲलर्जीमुक्त' म्हणून चढ्या भावाने विकल्या जाणाऱ्या धाग्यांकडे म्हणूनच मी जरा तिरक्या नजरेने बघतो. वेष्टणावर तंतूची जाडी मायक्रॉनमध्ये छापली, तर गिऱ्हाइकाचं जास्त भलं होईल. आणि मुलगा म्हणतो तो लाड? काही मज्जासंस्थांना सततच्या स्पर्शाची सवय होतच नाही. ऑटिझमच्या निदानाच्या अमेरिकी निकषांत २०१३पासून पोत आणि आवाजांबद्दलच्या अशा तीव्र प्रतिक्रियांचा उल्लेख आहे. पण निदान असो वा नसो, ज्याला टोचतं त्याला टोचतंच.

राहिली आजींची करकर. तिचा उलगडा करणारा माणूस माझा लाडका आणि तितकाच उपेक्षित आहे. डेव्हिड काट्झ हा जर्मन मानसशास्त्रज्ञ लोकांना तऱ्हेतऱ्हेचे कागद चाचपायला देई. १९२५ साली त्याने स्पर्शावर पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं, की बारीक पोत स्थिर बोटाला कळत नाही. बोट हललं, की उठणाऱ्या कंपनांतून तो कळतो. हातात काठी धरून तिच्या टोकाने कागद घासला, तरी पोत हातापर्यंत पोचतो. ज्यू असल्यामुळे १९३३ साली रोस्टॉकमधलं त्याचं प्राध्यापकपद गेलं. पुढे तो इंग्लंडमार्गे स्टॉकहोमला गेला. पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद यायला १९८९ उजाडलं. दरम्यान डोळे आणि कान यांच्यावर ग्रंथांचे ढीग रचले गेले, स्पर्श मागच्या बाकावर राहिला.

क्रोशाची सुई म्हणजे काट्झची काठीच. ॲक्रिलिकचा धागा सुईवरून आणि बोटावरून सरकताना अडकतो, सुटतो, पुन्हा अडकतो. वंगण न घातलेली बिजागरी अशीच कुरकुरते. ती थरथर सुईतून बोटांत उतरते. कान बंद केले तरी करकर थांबत नाही, कारण ती त्वचेलाही ऐकू येते.

उपाय घर्षणावर हवा. गुंड्याची लडी करा, चार ठिकाणी सैलसर बांधा आणि केसांच्या कंडिशनरच्या पाण्यात बुडवून वाळवा. तंतूंवर निसरडा थर बसतो. सुई बदलून पाहा. ॲल्युमिनियमऐवजी बांबूची घेतली की कंपनं बदलतात. आणि डाव्या हाताच्या बोटाभोवती धाग्याचे किती वेढे घेता ते मोजा. धक्क्यावरचा माणूस होडीचा दोर खुंटाला दोन-तीन वेढे देतो आणि एका हाताने होडी रोखतो, कारण प्रत्येक वेढ्यागणिक ताणाचा गुणाकार होतो. घर्षणांक ०.३ धरला तर एका वेढ्याला ताण साडेसहापट, दोन वेढ्यांना चाळीसपटीच्या वर. म्हणजे एक वेढा कमी केला, की धाग्याचा ताण सहाव्या हिश्श्याहूनही खाली येतो. हे गणित कोणाचं? जर्मन अभियंता आयटेलवाइनच्या जोडीने पुन्हा आपला ऑयलरच! शेनीलसारख्या मखमली धाग्याचं दुखणं मात्र उलटं. त्याचे तंतू इतके बारीक, की टोचत नाहीत, पण कोरड्या बोटांच्या भेगांत अडकतात. तिथे विणायला बसण्याआधी हाताला क्रीम चोळणं हाच उपाय.

टोपडं उसवू नका, आजी. जुन्या धुवट सुती साडीचं आतून अस्तर लावा. टोकं कापडात अडतील, नातवाच्या कपाळाला भिडणार नाहीत. आणि पुढच्या वेळी दुकानात गुंडा बोटांनी चाचपण्याऐवजी मानेला लावून थोडा वेळ उभ्या राहा. दुकानदार बघत राहिलाच, तर त्याला म्हणावं, "चौथा घात मोजतेय."