डिस्क सांगते, कर्नल लिहून घेतो

"ताई, पाचशे जीबीची हार्ड डिस्क घेतली आणि विंडोज चारशे पासष्टच दाखवतंय. पस्तीस जीबी कुणी खाल्लं?"

पणदऱ्यात, बारामती-नीरा रस्त्यावर माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय, की मी आता तोंडी समजावत बसत नाही. दुकानातल्या लिनक्सच्या मशीनला डिस्क लावते आणि एक फाईल उघडून दाखवते: /सिस/ब्लॉक/एसडीबी/साइज. आत एकच आकडा असतो, ९७६७७३१६८. हे ५१२ बाइटचे तुकडे. गुणाकार केला की ५०० अब्ज बाइट भरतात, वर दहा कोटींहून थोडे जास्तच. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं आणि पुढे लिहितं मात्र 'जीबी'च. कुणी काही खाल्लेलं नसतं.

ही फाईल कुठल्याच डिस्कवर साठवलेली नाही, असं सांगितलं की गिऱ्हाईक माझ्याकडे जरा संशयाने बघतं. पण खरंच नाही. ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात कर्नल नावाचा भाग असतो आणि डिस्कशी थेट बोलायची परवानगी फक्त त्याला. ब्राउझर, फोटो बघायचा प्रोग्राम, टॅली, ही सगळी मंडळी बाहेर राहतात. त्या बाहेरच्या भागाला युजर स्पेस म्हणतात. त्यांना डिस्कबद्दल काही हवं असेल तर कर्नलकडे मागावं लागतं. आपल्या सातबाऱ्यासारखंच हे. मूळ दफ्तराला आपला हात लागत नाही, मागितला की उतारा मिळतो. 'साइज' ही फाईल म्हणजे असा उतारा, उघडली की कर्नल त्या क्षणी तो लिहून देतो.

पूर्वी हे इतकं सरळ नव्हतं. प्रोग्रामने विचारलं की कर्नल बाइटांचा एक गठ्ठा हातात द्यायचा आणि त्यातला कितवा बाइट कशाचा, हे प्रोग्राम लिहिणाऱ्यानेच माहीत करून घ्यायचं. मुळात प्रोसेसची, म्हणजे चालू प्रोग्रामांची, माहिती द्यायला केलेल्या /प्रॉक या फोल्डरात तर ज्याने त्याने आपापलं सामान आणून टाकलं होतं. डिसेंबर २००३ मध्ये लिनक्सची २.६ ही आवृत्ती आली, तिच्यासोबत पॅट्रिक मोकेल यांनी रचलेली सिसएफएस ही व्यवस्था आली. तिचा मुख्य दंडक असा, की एका फाईलमध्ये एकच गोष्ट. हा दंडक मला फार आवडतो. बारावी झालेल्या पोराला मी दहा मिनिटांत ही फोल्डरं वाचायला शिकवू शकते, त्याला प्रोग्रामिंग यायची गरज नाही.

डिस्कला नाव कुणी द्यायचं, यावरही त्याच काळात बरीच हमरीतुमरी झाली. रिचर्ड गूच यांच्या डेव्हएफएसमध्ये नावं कर्नलच ठरवायचा. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी २००३ मध्ये युडेव्ह आणलं आणि ते काम बाहेर काढलं. कर्नल फक्त पुकारा करतो, 'नवी डिस्क आली, ही तिची माहिती', आणि कायमच्या नावाचं बाहेरचा प्रोग्राम बघतो. २००६ मध्ये डेव्हएफएस कर्नलमधून काढून टाकलं. आमच्यासारख्यांना याचा उपयोग लाईट गेल्यावर कळतो. एका वजनकाट्यावरच्या मशीनला बॅकअपच्या दोन यूएसबी डिस्क आहेत. लाईट आल्यावर कधी ही आधी जागी होते, कधी ती. काल जी एसडीबी होती ती आज एसडीसी. म्हणून तिथे मी ते नाव वापरतच नाही. /डेव्ह/डिस्क/बाय-आयडी या फोल्डरात मॉडेल आणि अनुक्रमांकावरून केलेलं नाव असतं, ते लाईट दहादा गेली तरी बदलत नाही.

आता खरी गोम. कर्नल जे दाखवतो ते बहुतेक वेळा डिस्कने स्वतःच सांगितलेलं असतं. ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः पिकाची नोंद करतो, तसं. यूएसबी लावली की कर्नल तिला विचारतो, तू कोण आणि केवढी. ती उत्तर देते: कंपनीचं नाव आठ अक्षरांत, मॉडेल सोळा अक्षरांत, आणि शेवटच्या तुकड्याचा क्रमांक. कर्नल ते उतरवून घेतो, खात्री करत बसत नाही.

जत्रेत, नाहीतर मोबाईलवर जाहिरात बघून घेतलेला 'दोन टीबी'चा पेनड्राइव्ह इथेच फसवतो. आतली चिप असते ३२ जीबीची आणि तिच्या कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. कर्नल इमानदारीने दोन टीबी लिहितो, विंडोजही ते खरं मानतं. पहिले ३२ जीबी नीट बसतात. त्यापुढचं लग्नाचं शूटिंग कुठे जातं, ते विचारू नका. बाहेरून तपासायला मिशेल मशादो यांचं एफ-थ्री नावाचं मोफत साधन आहे. ते ड्राइव्ह काठोकाठ भरतं आणि सगळं परत वाचून ताडून बघतं. वेळ लागतो, पण दुसरा सोपा इलाज मला माहीत नाही.

खोटेपणा नसतानाही गंमत होते. 'रोटेशनल' या फाईलमध्ये चकती फिरणारी असेल तर १, नसेल तर ०. पेनड्राइव्ह लावून बघा, बहुतेक वेळा १ दिसेल. आत फिरणारं काहीच नाही, पण पेनड्राइव्ह तसं सांगत नाही, आणि सांगितलं नाही की कर्नल १ धरून चालतो. 'रिमूव्हेबल' ही फाईल पेनड्राइव्हला १ म्हणते आणि वायरने लावलेल्या हार्ड डिस्कला ०. तिथे प्रश्न वायर निघते का हा नसतोच, आतलं माध्यम निघतं का हा असतो.

एखादी फाईल एकदा बाहेरच्यांना दिली की ती परत घेता येत नाही, हेही आहे. लिनस टोरवाल्ड्स यांचा हट्ट प्रसिद्ध आहे: कर्नल बदलला म्हणून बाहेरचा चालू प्रोग्राम मोडता कामा नये. २०११ च्या सुमारास हार्ड डिस्कचे तुकडे ५१२ वरून ४०९६ बाइटचे झाले. तरी 'साइज' फाईल आजही ५१२ नेच मोजते. जगभरच्या प्रोग्रामांनी तो हिशेब गृहीत धरलेला आहे. नव्या मापासाठी वेगळ्या फाईली दिल्या, जुनीला हात लावला नाही. मला हे बरोबर वाटतं, जरी शिकाऊ पोरं इथेच हमखास अडखळतात.

सगळं सगळ्यांना दाखवायचं का, हा प्रश्न तापमानावरून चांगला कळतो. डिस्कच्या आत तिच्या तब्येतीची नोंद असते: किती तास चालली, किती तुकडे खराब म्हणून बदलले, किती अजून अडकलेत, किती तापली. स्मार्टसीटीएल हा प्रोग्राम हे सगळं काढून देतो, पण त्याला मशीनच्या मालकाचा, म्हणजे रूटचा, अधिकार लागतो. त्याचं कारण नोंद गुप्त आहे असं नाही. ती मागायला डिस्कला थेट हुकूम पाठवावा लागतो, आणि ज्या वाटेने 'तापमान सांग' जातं त्याच वाटेने 'सगळं पुसून टाक'ही जाऊ शकतं. म्हणून कर्नल ती वाट कुणालाही मोकळी देत नाही.

पण नुसतं तापमान बघायला मालकाची किल्ली कशाला? मार्च २०२० मध्ये आलेल्या ५.६ आवृत्तीत गुंटर रोएक यांचा ड्राइव्हटेम्प हा छोटा ड्रायव्हर आला. हुकूम आता कर्नल स्वतः पाठवतो आणि बाहेर फक्त आकडा ठेवतो, जो कुणीही वाचावा. अंशाच्या हजाराव्या भागात असतो, म्हणजे ४१००० दिसलं की ४१ अंश.

आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये हा आकडा कामाचा आहे. गावातल्या एका फोटोग्राफर पोराने लग्नांचे फोटो ठेवायला जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स टाकून घेतलंय. मशीन होतं लोखंडी कपाटात, कपाट पत्र्याच्या खोलीत. ड्रायव्हर चालू करून बघितलं तर ५७०००. मशीन कपाटाबाहेर काढलं, पुढे पंखा लावला, संध्याकाळी ४६००० झालं. मग तो म्हणाला, "ताई, दर मिनिटाला वाचून मोबाईलवर पाठवायला लावा की." पण या ड्रायव्हरच्या कागदपत्रातच लिहिलंय, की काही डिस्कवर तापमान वाचलं की झोपायला जायचं तिचं घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं. त्याची डिस्क त्यातली आहे का, हे बघायला मिनिटाचा वेळ लावून दुपारभर ठेवलं. एकदाही चकती थांबली नाही. आता तासाला एकदा वाचतो.